सफारीला पाठवणारी बाई

पहिला प्रश्न मला ठरलेला असतो. "मग तुम्ही स्वतः किती वेळा गेलात हो आफ्रिकेला?" एकदा. तेही नोकरीच्या सातव्या वर्षी, पाच दिवसांसाठी, आणि त्यातला दीड दिवस पोट बिघडून तंबूत गेला. बाकीची सगळी वर्षं मी डार्मश्टाटमधल्या एका लहानशा राइझेब्युरोत, म्हणजे सहली ठरवून देणाऱ्या ऑफिसात, खिडकीजवळच्या टेबलाशी बसून दुसऱ्यांना सिंह बघायला पाठवत होते. खिडकीबाहेर ट्रामचा स्टॉप होता. माझ्या वाट्याला आलेलं जनावर म्हणाल तर समोरच्या बेकरीवाल्याचं म्हातारं कुत्रं.

ऑफिसात आम्ही दोघीच. मालकीण फ्राऊ हेलर आणि मी. ती तरुणपणी केनियात राहिलेली, तिकडचे गाईड आणि कॅम्पवाले तिच्या घरोब्याचे. माझ्याकडे कागदपत्रं आणि शनिवारची बैठक. मी या कामात कशी आले ती गोष्ट कंटाळवाणी आहे, ती सोडते.

मी काळजीखोर आहे, हे मात्र आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. गिऱ्हाईक फ्रँकफर्टहून उडालं की ते परत पोचल्याचं कळेपर्यंत मी फोन उशाशी घेऊन झोपायचे. आमच्या सईला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र जर्मनमध्ये देते. ती म्हणायची, ममाला पगार काळजी करण्याचाच मिळतो. गेनाऊ. अगदी तसंच होतं ते. फरक एवढाच, की पगार दिवसाचा मिळायचा आणि काळजी आठवडाभर चालायची.

शनिवारची बैठक म्हणजे काय ते सांगते. सफारीला जाणाऱ्या माणसाच्या डोक्यात टीव्हीवरची सफारी असते. सिंह आला, हरणामागे पळाला, हत्ती नदीत उतरले, संपलं. पाच-सहा दिवसांच्या सफारीत खरं काय होतं, ते निघण्याआधी कोणीतरी सांगायला लागतं. ते मी सांगायचे, कॉफी आणि केक समोर ठेवून.

मी सांगायचे, की पहाटे साडेपाचला उठवतील आणि थंडी असेल. आफ्रिका म्हणजे उकाडा असं डोक्यात घेऊन जाल तर पहिल्याच सकाळी कुडकुडाल, म्हणून स्वेटर आणि कानटोपी घ्या. बॅग मऊ घ्या, कडक सूटकेस छोट्या विमानात शिरत नाही. गडद निळे कपडे नकोत, तिकडच्या डसणाऱ्या माश्या त्या रंगावर येतात. दिवसाचे आठ-आठ तास गाडीत जातील, पाठ मोडेल, नाकातोंडात धूळ जाईल. लघवीला जायचं तर आधी गाईड उतरून झुडपं बघेल, तो हो म्हणाल्यावरच गाडीच्या आडोशाला जायचं. यावर बायका एकमेकींकडे बघायच्या. तंबूची चेन नेहमी बंद ठेवायची आणि आत खायची एकही वस्तू ठेवायची नाही. तिसऱ्या दिवशी नवरा-बायकोचं भांडण होईल, ते मनावर घेऊ नका, सगळ्यांचं होतं, झोप कमी पडलेली असते.

आणि सगळ्यात महत्त्वाचं शेवटी. जनावर दिसलं की उभं राहायचं नाही, हाक मारायची नाही, हात गाडीच्या आत ठेवायचे आणि गप्प बसायचं. आपण जवळ जायचं नसतं. त्याला वाटलं तर ते आपणहून जवळ येतं, आणि नाही वाटलं तर नाही येत. हे वाक्य मी इतक्यांदा म्हटलंय, की फ्राऊ हेलर मागच्या खोलीतून माझ्याबरोबर ओठ हलवायची.

तऱ्हेतऱ्हेची माणसं आली. एक निवृत्त न्यायाधीश होते, त्यांना बिबट्या कोणत्या दिवशी दिसेल ते लेखी हवं होतं. परत आल्यावर त्यांचं दोन पानी पत्र आलं. बिबट्याची फक्त शेपूट दिसली, आणि शेपटीला बिबट्या धरावं की नाही याची त्यांनी कलमवार चर्चा केली होती. फ्राऊ हेलरने उत्तरादाखल त्यांना शेपटीचाच एक फोटो मोठा करून पाठवला. पुढच्या वर्षी ते पुन्हा आले, आमच्याकडेच.

आपली मराठी मंडळीही यायची, जास्त करून इंजिनिअर. त्यांची कहाणी वेगळी. जर्मन माणूस बैठकीत सांगितलेलं लिहून घेतो आणि तसंच वागतो. आपला माणूस हसून मान डोलावतो आणि मनात म्हणतो, हे इतरांसाठी आहे. ब्राउनश्वाइगचं एक कुटुंब दोन किलो चिवडा तंबूत घेऊन बसलं होतं. दुपारी बबून माकडांनी तंबूची चेन उघडली, हो, चेन उघडता येते त्यांना, आणि सगळा चिवडा पलंगावर बसून खाल्ला. कुटुंबप्रमुखांनी मला फोनवर सांगितलं, "ताई, शेंगदाणे तेवढे वेचून खाल्ले हो." त्या आवाजात थोडं कौतुकच होतं.

मी अशा गोष्टी हसून सांगते, पण त्यात एक मेख आहे. आपल्या माणसांच्या बाबतीत मीसुद्धा तशीच वागायचे. जर्मन गिऱ्हाइकाचा पासपोर्ट मी तीनदा तपासायचे. आपल्या माणसाबरोबर चहा व्हायचा, गाव कोणतं, मामा कोण, आणि त्या गप्पांत कागद उलटले जायचे. हे मला तेव्हा कळलं नाही.

हेमंत तिथल्याच एका कंपनीत मेकॅनिकल इंजिनिअर. सईच्या शाळेजवळ राहायचा, मला सुलभामावशी म्हणायचा. त्याची बायको केतकी आठव्या महिन्यात होती. केतकीची आई दोन वर्षांपूर्वी गेलेली, म्हणून बाळंतपणासाठी सासू-सासरे साताऱ्याहून आले होते. सासरे, ज्यांना सगळेच अण्णा म्हणत, एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. त्यांची साठी झाली होती. आयुष्यभर त्यांनी जनावरांचे कार्यक्रम टीव्हीवर बघितले, म्हणून हेमंतने त्यांना मसाई माराची सहा दिवसांची सफारी भेट द्यायची ठरवली. बाळ आल्यावर कुठलं जमतंय, म्हणून आताच. परत येऊनही बाळंतपणाला महिना उरत होता.

अण्णांची बायको, नलिनीताई, हिला जायचंच नव्हतं. शनिवारच्या बैठकीला ती आली, शंभर पानी वही काढून सगळं लिहून घेतलं, आणि शेवटी म्हणाली, "सुलभाताई, हे जाऊ देत. मी राहते. पोरीला या दिवसांत सोडून जाणं बरं दिसत नाही."

आणि मी, जी जन्मभर लोकांना सावध करत आले, मी तिला म्हणाले, "अहो, सहा दिवसांचा तर प्रश्न आहे. मी आहे ना इथे. काही लागलं तर दहा मिनिटांत केतकीकडे पोचते."

केतकीनेही आग्रह केला. नलिनीताई तयार झाली, पण मनातून नाही. पिवळ्या तापाची लस घ्यायला मीच तिला आणि अण्णांना लावलं. केनियातून लगेच भारतात उतरणाऱ्याला त्या लसीचा दाखला लागतो. यांना तर आधी जर्मनीतच परत यायचं होतं, तरी मी म्हटलं, असू दे, कुठे अडायला नको. दंड चोळत ती म्हणाली, "तुम्ही फार घाबरवता हो." मला ती शाबासकीच वाटली.

आमच्या ऑफिसात चार डोळ्यांचा नियम होता. प्रत्येक फाईल दोघींनी बघायची आणि दोघींनी सही करायची. फ्राऊ हेलरने यांची फाईल मागितली तेव्हा मी म्हणाले, "ही घरचीच माणसं आहेत, सगळं बघितलंय." ती म्हणाली, "बरं, सुलभा, तू बघितलंयस म्हणजे झालं." आणि तिने सही केली. असं तिने आयुष्यात कधी केलं नव्हतं. माझ्या शब्दावर केलं.

रविवारी दोघं उडाली. मंगळवारी सकाळी ऑफिसात विद्यापीठातली एक मुलगी आली, नागपूरची. तिचे आईवडील यायचे होते आणि तिला त्यांना चार दिवस झांझिबारला न्यायचं होतं. तिने विचारलं, "ताई, त्यांचा व्हिसा सिंगल एंट्रीचा आहे. झांझिबारहून परत इथे येता येईल ना?"

मी क्षणाचाही विचार न करता म्हणाले, "अजिबात नाही. एकदा बाहेर पडलं की तो व्हिसा संपला. तारीख शिल्लक असली तरी संपला."

हे मला पाठ होतं. झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगितलं असतं. त्या मुलीला मी आणखी दोन वाक्यं बोलले असेन, आणि मग मला नलिनीताईची फाईल आठवली. मी तिला म्हटलं, तू बस, कॉफी घे, आणि कपाटातून फाईल काढली. व्हिसाच्या झेरॉक्सवर मी पेन्सिलने तारखेखाली रेघ मारलेली होती. नव्वद दिवस, बरोबर. त्याच्या शेजारच्या चौकटीत, किती वेळा आत येता येईल तिथे, छापलं होतं ०१. दोघांच्याही. रेघ तारखेखाली संपत होती, एक बोटभर अलीकडे.

म्हणजे शनिवारी नैरोबीच्या विमानतळावर त्यांना विमानात चढूच देणार नव्हते. आणि नलिनीताईला सुनेच्या बाळंतपणाला येता येणार नव्हतं.

मी हेमंतला फोन केला. तो मीटिंगमधून बाहेर आला. "मावशी, पण नव्वद दिवसांचा आहे ना तो?" तीच चूक. आम्ही दोघांनीही एकच आकडा बघितला होता. मग एवढंच म्हणाला, "केतकीला सांगू नका. तिचं बीपी आधीच वर जातंय."

फ्राऊ हेलरला सांगायला मी मागच्या खोलीत गेले. तिने फाईल उघडली, ०१ बघितलं, खाली दोन सह्या बघितल्या. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "आल्झो, चला तर. आता फोन करू या." आणि आम्ही दोघी फोनला बसलो.

ते दोन दिवस मला अजून तपशिलासकट आठवतात. नैरोबीतल्या जर्मन दूतावासाने सांगितलं, अर्ज माणूस राहतो त्या देशातून करायचा, म्हणजे मुंबईहून. डॉक्टरचं पत्र, केतकीची तारीख, सगळं पाठवलं. नम्रपणे नाही आलं. इथल्या आउसलेंडरबेहोर्डेत, म्हणजे परदेशी माणसांच्या कचेरीत, हेमंत रजा टाकून गेला. त्यांनी सांगितलं, माणूस देशाबाहेर असताना आमच्या हातात काही नाही. विमान कंपनीची बाई फार गोड होती आणि तिनेही नाहीच म्हटलं. कोणी चुकीचं वागलं नाही. चुकीचं मीच वागले होते.

आणि या सगळ्यात रोज दुपारी आमच्या गाईडचा, जोसेफचा, मेसेज यायचा. आज चौदा हत्ती. बाबा फार खूश. आज चित्ता, पिल्लांसकट. फोटोत अण्णा टोपी घालून, दुर्बीण उलटी धरून बसलेले. मला ते फोटो बघवेनात. बुधवारी कॅम्पवर रेंज आली तेव्हा नलिनीताईने स्वतः फोन केला. एरवी हळू बोलणारी बाई, पण आवाजातून आनंद नुसता सांडत होता.

"सुलभाताई, सिंहीण आली हो. अगदी आमच्या गाडीच्या सावलीत येऊन बसली. हे फोटो काढायला उठायला लागले, मी यांचा शर्ट ओढून खाली बसवलं. तुम्ही सांगितलं होतं तसे हात आत घेऊन बसले मी. आपणहून आली." मग म्हणाली, "केतकी जेवतेय ना नीट? शनिवारी निघतोच आम्ही."

मी म्हणाले, "हो, जेवतेय." तिला तो एक दिवस तरी मिळू दे, असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे मला धीर झाला नाही. दोन्ही कारणं खरी होती, पण दुसरं जास्त खरं होतं.

गुरुवारी दुपारी शेवटचं नाही आलं. आता लपवणं म्हणजे फसवणं झालं असतं. हेमंत म्हणाला, "मी सांगतो आईला." मी म्हटलं, नाही, ती माझ्या शब्दावर गेली, मीच सांगणार. जोसेफला मेसेज केला, रेंज असेल तिथे गाडी थांबव.

मी सगळं सांगितलं. व्हिसा, आकडा, माझी पेन्सिल, माझी सही. काही वगळलं नाही. नंतर नलिनीताई म्हणाली, "म्हणजे मला तिकडे येता येणार नाही."

"नाही. शनिवारी तुम्हा दोघांना नैरोबीहून थेट मुंबई. तिकिटं झालीत. तिथून पुन्हा अर्ज करायचा, पण त्याला वेळ लागेल. बाळ त्याच्या आत येईल."

"केतकीला सांगितलंत?"

"नाही अजून."

"आधी तिला जाऊन सांगा. ती गोष्टी मनात धरून बसते." मग तिचा आवाज फुटला. "मी म्हटलं होतं हो, मी राहते म्हणून."

मी म्हणाले, "हो, म्हटलं होतंत." आणि फोन बंद झाला. रेंज गेली की तिने ठेवला, ते मी कधीच विचारलं नाही.

केतकी बाळाचे छोटे कपडे धुऊन रेडिएटरवर वाळत घालत होती. मी सांगेपर्यंत तिने तीन मोजे आणि दोन टोपडी टाकली. संपल्यावर ती म्हणाली, "हेबामे येईल ना घरी, सुईण. हेमंतला रजा आहे. सगळं होईल." पुन्हा एक मोजा उचलला आणि म्हणाली, "पण आई नसतील." आई म्हणजे नलिनीताई. तिला आता दुसरी कोणी आई म्हणायला नव्हती. ती रडली नाही. रडले मी, आणि तिनेच मला पाणी आणून दिलं. आठ महिन्यांच्या गरोदर पोरीकडून पाणी घेऊन पिताना मला माझी फार लाज वाटली.

शुक्रवारी नलिनीताईचा पुन्हा फोन आला. आवाज कोरडा. "दाखला जवळ आहे, पिवळी पुस्तिका. जोसेफ म्हणाला, ती नसती तर मुंबईला आम्हाला वेगळं काढून डांबून ठेवलं असतं."

"हो."

"तेवढं तरी बरं केलंत." मग म्हणाली, "हेमंतच्या कपाटावर माझी निळी बॅग आहे. डिंक आहे, खारीक आहे, आळीव आहे. वेखंड, हळकुंड बाळघुटीच्या डब्यात. माझ्या दोन जुन्या साड्या आहेत, त्यांची दुपटी करायची. तुम्ही सांगितलंत ते मी सगळं वहीत लिहून घेतलं होतं, पहाटे काय होईल, तिसऱ्या दिवशी काय होईल. आता तुम्ही वही घ्या. मी सांगते."

मी ऑफिसातली वही घेतली आणि लिहायला लागले. पहिल्या दिवसापासून चाळिसाव्या दिवसापर्यंत. तिसऱ्या दिवशी पोरगी कारण नसताना रडेल, तेव्हा समजूत घालायची नाही, जवळ बसायचं. माझ्या बैठकीतही तिसराच दिवस अवघड होता, पण ते तिला सांगायची ती वेळ नव्हती.

रविवारी दोघं मुंबईला उतरली. खाकी पँट, उन्हाच्या टोप्या, अंगावर माराची धूळ. सामान सगळं डार्मश्टाटला.

आता एक कबुली. मला बाळाला अंघोळ घालता येत नव्हती. सईच्या वेळी माझी आई आली होती, मी फक्त टॉवेल धरून उभी राहायचे. म्हणूनच मला नेमकं ठाऊक होतं, की माझ्यामुळे केतकीचं काय गेलं. मी फ्राऊ हेलरकडे पाच आठवड्यांची रजा मागितली. ती म्हणाली, "सहा घे. फाईली मी बघते. दोनदा बघते, माझे चारही डोळे मीच." तोवर आम्ही दोघी त्या विषयावर हसलो नव्हतो.

मुलगा झाला. हेबामे यायची, वजन करायची, फार चांगली होती. आणि सकाळी दहा वाजता साताऱ्याचा व्हिडिओ कॉल. फोन वॉशबेसिनवरच्या आरशाला टेकवून ठेवलेला, मी बाथरूममध्ये पाटावर पाय पसरून बसलेली, आणि नलिनीताई फोनमधून. "कोपर बुडवून बघा पाणी. जास्त आहे. गार घाला. मान, मान धरा. अशी नाही." "सुलभाताई, घाबरू नका. तुम्ही घाबरलात की त्याला कळतं." धुरी द्या म्हणाली, तर इथे छताला स्मोक अलार्म, वाजला की फायर ब्रिगेड येईल. मग धुरी तेवढी राहिली. बाकी वहीतलं सगळं केलं. डिंकाचे लाडू पहिल्या खेपेला दगड झाले. केतकीने ते दुधात भिजवून खाल्ले आणि आईंना सांगू नका म्हणाली.

अण्णा फोनच्या कोपऱ्यातून डोकवायचे. नलिनीताईच्या तोंडून त्या सहा आठवड्यांत एक वाकडा शब्द आला नाही. अंघोळ झाली की बाळाला दुपट्यात गुंडाळून मी फोनसमोर धरायचे. ती बोट काचेवर लावायची आणि म्हणायची, "चला, झालं आजचं." तिने चार शिव्या दिल्या असत्या तर मला झोप लागली असती.

व्हिसाला वेळ लागला तो लागलाच. नलिनीताई परत आली तेव्हा बाळ साडेतीन महिन्यांचं होतं. या वेळी मी तिच्या व्हिसाची झेरॉक्स इतक्यांदा बघितली, की कागद मऊ पडला. विमानतळावर बाळाला घेऊन केतकी आणि हेमंत गेले. मी गेले नाही, माझं तिथे काय काम.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला तिने मला बोलावून घेतलं. बाथरूममध्ये पाट मांडलेला. पाटावर ती पाय पसरून बसली होती, साडी गुडघ्यापर्यंत खोचून, तेलाची वाटी शेजारी. बाळाला पायांवर घेतलं आणि त्याने जो सूर लावला. लाल झालं, आखडलं. त्याला तो हात ओळखीचा नव्हता. मान वळवून ते बघत होतं माझ्याकडे, कारण रजा संपल्यावरही रोज त्या पाटावर मीच असायचे. माझ्या हाताची सवय त्याला मीच लावली होती, आणि ज्या बाईचा तो हक्क होता तिच्या पायांवर ते परक्यासारखं रडत होतं. मला ते सहन झालं नाही. मी वाकले, दोन्ही हात पुढे केले आणि म्हणाले, "द्या, मी घेते जरा. गप्प होईल."

नलिनीताईने वर बघितलं. तिचे डोळे भरले होते, पण आवाज शांत होता.

"सुलभाताई, हात आत घ्या," ती म्हणाली. "तुम्हीच सांगितलं होतंत ना? हाक मारायची नाही, जवळ जायचं नाही, गप्प बसायचं. मी सिंहिणीसाठी बसले. याच्यासाठी नाही बसणार?"

मी हात मागे घेतले. समोरच्या स्टुलावर बसले, हात मांडीवर. तिने कोपर बुडवून पाणी बघितलं, बाळाच्या पोटावर हात ठेवला आणि तसाच राहू दिला, दुसरं काही केलं नाही. ते बराच वेळ रडलं. मग त्याने तिचं बोट धरलं.